दार केवढं जाड होतं

माझ्या बायकोच्या पहिल्या बाळंतपणात सिस्टरने तिला मारलं, आणि मारायला मीच सांगितलं होतं. हे वाक्य लिहायला मला पंचवीसेक वर्षं लागली, म्हणून ते आधीच लिहून टाकतो.

तेव्हा मी धुळ्याला नोकरीला होतो. दुपारची वेळ. खोलीबाहेरच्या बाकावर मी आणि माझा चुलतभाऊ बसलो होतो. आतून हिचं ओरडणं ऐकू येत होतं. थोड्या वेळाने सिस्टर बाहेर आली आणि घाम पुसत म्हणाली, तुमची मिसेस अजिबात साथ देत नाही, पाय आवळून धरते. मी म्हणालो, "द्या की दोन ठेवून, सिस्टर. तशी ती माझंही ऐकत नाही." चुलतभाऊ हसला. सिस्टर हसली. मीही हसलो. दार लागलं. मग आतून आवाज आला. थोड्या वेळाने परत एकदा आला.

पुढे मुलगी झाली, पेढे वाटले गेले आणि त्या दुपारची माझी एक गोष्ट तयार झाली. लग्नकार्यात, ऑफिसातल्या डब्याच्या वेळी, पाहुणे जमले की मी ती सांगायचो. 'आमच्या हिला दोन पडल्या तेव्हा कुठं पोरगी बाहेर आली.' सिस्टरचा आवाज काढायचो, स्वतःचा काढायचो. लोक हसायचे. ही समोर असली तर हीसुद्धा तोंडाला पदर लावून हसायची आणि आत निघून जायची. ती आत का जाते, हा प्रश्न मला कधी पडला नाही. चहा टाकायला जात असेल, असंच वाटायचं.

मला ही गोष्ट नव्याने ऐकायला लावणारी बाई म्हणजे आमची घरमालकीण. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची.

माझी बदली जळगावला झाली तेव्हा पिंप्राळ्यात तिच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला. पहिल्याच दिवशी आमचं लोखंडी कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. दोन हमाल घामाघूम झाले होते. अक्का खाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सुरू झाली: "घाई नको. श्वास घे. सोड. आता लाव जोर. शाबास, आलं, आलं बाहेर." हमालांना इतकं हसू आलं की त्यांनी कपाट तिथंच टेकवलं. अक्काला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. सगळी नोकरी तिने सरकारी दवाखान्यांत सिस्टर म्हणून काढली होती, पाचोऱ्याला, एरंडोलला, मधल्या लहान लहान गावांत. माणूस खांबावर चढत असो, बाटलीचं झाकण उघडत असो की बँकेत सही करत असो, तिच्या तोंडून तेच निघायचं. नळ दुरुस्त करणारा तिच्याकडे यायला खुश असायचा. म्हणायचा, अक्का असली की पाना आपोआप फिरतो.

तिचं सगळंच वेगळं होतं. चहा प्यायच्या आधी ती कोपरापर्यंत हात धुवायची. साड्या नेसायची त्या पोपटी, नाहीतर भडक केशरी. वयाला शोभत नाही असं शेजारणी मागून म्हणत, आणि एकीने तोंडावर म्हटलं तर अक्का म्हणाली, पांढरं पाहून बायका दचकतात, पोपटी पाहून हसतात, मला हसलेलं चालतं. पुरुषांना ती सरसकट अरेतुरे करायची, मग तो नगरसेवक का असेना. बायकांना मात्र अहोजाहो. भांडी घासायला येणारी सोळा-सतरा वर्षांची पोर, तिलाही 'या, बसा, चहा घ्या.' ती पोर पहिले काही दिवस मागे वळून पाहायची, आपल्यामागे कोण आलंय म्हणून.

आणखी एक म्हणजे, ती रिक्षाला हात करायची नाही. रस्त्याच्या कडेला उभी राहायची, उजवा हात डाव्या हाताने धरून, आणि ओरडायची, "एऽ थांब." एसटीलासुद्धा तसंच. गल्लीतले रिक्षावाले त्याला अक्काचा हॉर्न म्हणत.

ओळख झाली की प्रत्येक पुरुषाला ती एक प्रश्न विचारायची. तुझं पहिलं पोर झालं तेव्हा तू कुठं होतास? दूधवाला म्हणाला, गोठ्यात. समोरचे निवृत्त मास्तर म्हणाले, परीक्षेच्या ड्यूटीवर. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, तिथंच होतो की, बाहेर बाकावर. "बाकावर," ती म्हणाली आणि पुढे काही विचारलं नाही. मला वाटलं, मी इतरांपेक्षा बरा ठरलो.

एका रविवारी तिने मला मोटारसायकलवर एरंडोलकडच्या एका गावी सोडायला सांगितलं. त्या गावाची एसटी बंद झाली होती. मला वाटलं, नात्यातलं कोणी असेल. गावात शिरल्यावर एका घराच्या ओट्यावर सात-आठ बायका मिरच्यांची देठं खुडत बसल्या होत्या. अक्का त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "मी इथं दवाखान्यात सिस्टर होते. माझ्या हातचा मार कोणी खाल्लाय का?"

एक जण लगबगीने उठून घरात गेली आणि आधारकार्ड घेऊन आली. तिला वाटलं, काहीतरी योजना आहे. बाकीच्या खुदुखुदु हसायला लागल्या. मग कोपऱ्यातली एक म्हातारी डोळे बारीक करून अक्काकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "बठ्ठ्यास्ले मारे ना तू. कोन्हं कोन्हं नाव सांगू?" म्हणजे सगळ्यांनाच मारायचीस, कोणाकोणाचं नाव घेऊ.

अक्का चपला काढून ओट्यावर चढली. म्हातारीपुढे उभी राहिली. म्हणाली, "तुम्हालाही मारलं असेल. मी मांडीवर मारायचे, कधी गालावर. घाण घाण बोलायचे. ते चुकीचं होतं. मी माफी मागायला आलेय."

म्हातारीने तिचा हात धरला. म्हणाली, पोर तर जिवंत हाती दिलंस ना, मग मारलं तर मारलं. दुसरी म्हणाली, तुमच्यामुळेच आम्ही सुटलो, बाई. चहा आला. निघताना अक्काच्या पिशवीत कोणी मूठभर मिरच्याही टाकल्या.

मला वाटलं होतं, परतीच्या वाटेवर अक्का खुशीत असेल. ती चिडलेली होती. रस्त्यावरच्या चहाच्या टपरीशी तिने मला थांबायला लावलं. म्हणाली, "त्या उपकार मानतात रे. मारलं म्हणून उपकार मानतात. एकीने जरी उलट थोबाडीत दिली असती तर मला बरं वाटलं असतं."

मग मी विचारलं, हे सगळं कशासाठी? तिथं टपरीवर तिने मला पाचोऱ्याच्या बसस्टँडची हकिगत सांगितली. निवृत्त व्हायला थोडे महिने राहिले होते. एसटी आली, ती थांबवायला तिने हात वर केला, आणि शेजारी उभ्या असलेल्या बाईने झटकन गाल झाकला. कडेवर पोर असलेली, चांगली तिशीची बाई. अक्काला ती ओळखीची वाटली नाही. पण त्या बाईच्या अंगाने अक्काला ओळखलं होतं. बाई ओशाळून हसली आणि म्हणाली, काही नाही सिस्टर, सवय. अक्काने ती एसटी सोडून दिली. त्या दिवसानंतर तिने बाईमाणसासमोर उजवा हात उचलला नाही.

मी म्हणालो, तुमच्या वेळी सगळ्याच सिस्टर तसं करत असतील. तर म्हणाली, हो, करत होत्या, म्हणून ते मी बायकांसमोर सांगत नाही. हळूहळू मला कळलं की माफीला जाण्याचे तिचे नियम होते आणि ती ते कसोशीने पाळायची. काही हातात घेऊन जायचं नाही, साडी नाही, फळं नाहीत, नाहीतर तो सौदा होतो. समोरची बस म्हणेपर्यंत बसायचं नाही. काय केलं ते सांगायचं, का केलं ते सांगायचं नाही. आणि रडायचं नाही. "आपण रडलो की तिला आपली समजूत घालावी लागते," ती म्हणायची. "तेवढ्यासाठी नाही जायचं तिच्या दारात."

का केलं, ते तिने मला सांगितलं, तेसुद्धा बऱ्याच रविवारांनंतर. तिचा स्वतःचा जन्म एका अंधाऱ्या खोलीत झाला होता, गोणपाटावर. आईला पाच दिवस कोणी शिवलं नाही. तहान लागली तरी पाणी द्यायचे नाहीत, पोट सुटेल म्हणून. दारातून भाकरी आत सरकवायचे. तिच्या धाकट्या भावाच्या वेळी आई त्याच खोलीत गेली आणि परत आली नाही. म्हणून अक्का सिस्टर झाली. शिकत असताना मोठ्या सिस्टरने तिला बजावलं होतं, मऊ राहिलीस तर बाळ हातचं जाईल. तिने ते मनावर घेतलं. एखादी बाई कळा सोसताना आवळली की तिला आपली आई दिसायची, भीती वाटायची, आणि भीती वाटली की हात उठायचा. मग बोलणंही सुरू झालं. 'नवऱ्याजवळ जाताना नाही ओरडलीस?' हे वाक्य तिने कितीजणींना ऐकवलं, याचा तिला हिशेब नव्हता. "अंधाऱ्या खोलीतून बायकांना आम्ही उजेडात आणलं," ती म्हणाली, "आणि उजेडात आणून मारलं."

मी मोटारसायकलला किक मारली.

गावं फिरता फिरता मला वेगवेगळ्या बायका दिसल्या. काही हसल्या. काहींना काही आठवतच नव्हतं, किंवा तसं त्या म्हणाल्या. एकीने अक्कालाच बसवून आपल्या सुनेच्या बाळंतपणाची सगळी कर्मकथा ऐकवली आणि वर विचारलं, आता सांगा, हिच्या पायांची सूज कशाने उतरेल? पण एक बाई मी विसरू शकत नाही. पाचोऱ्याजवळचं गाव होतं. पन्नाशीची बाई अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्यांची मोळी बांधत होती. तिला अक्काने काही सांगायची गरज पडली नाही. तिने पाहिलं आणि हातातली दोरी खाली ठेवली.

अक्का जे सांगायची ते तिने सांगितलं. बाईने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "तुनं मारनं मी इसरनी. तुनं बोलनं नही."

पुढचं ती अगदी शांतपणे बोलली. तिच्या पहिल्या वेळी अक्काने ते नवऱ्याजवळचं वाक्य तिला ऐकवलं होतं, वॉर्डबॉयसमोर. म्हणून दुसऱ्या वेळी ती दवाखान्यात गेलीच नाही. घरचे म्हणत होते, गाडी बोलावू. तिने उंबऱ्याला धरून ठेवलं. ते मूल राहिलं नाही. ती म्हणाली, माफ मी नही करनार.

अक्का म्हणाली, "बरोबर आहे तुमचं."

बाईने बस म्हटलं नाही. पाणीही विचारलं नाही. ती परत मोळी बांधायला लागली तेव्हा आम्ही निघालो. मला त्या बाईचा राग आला होता. सत्तरीची म्हातारी एवढी लांबून येते आणि हिला साधं पाणी सुचत नाही. तसं मी अक्काला बोललोही. ती मागच्या सीटवरून म्हणाली, "माफी तिची वस्तू आहे, द्यायची की नाही ते ती बघेल. मी मागायला आले होते, न्यायला नाही." पुढच्या रविवारी तिने दुसऱ्या गावाचं नाव सांगितलं. मला वाटलं होतं, आता थांबेल.

इतकं सगळं जवळून पाहूनही मला माझा बाक आठवला नव्हता. माणूस दुसऱ्याच्या चुकीला मोटारसायकलवर बसवून गावोगाव हिंडवू शकतो आणि स्वतःची घरी टांगून ठेवतो.

मुलगी पहिलटकरीण म्हणून आमच्याकडे यायची होती. तिच्या डोहाळजेवणाला खालचं अंगण अक्काने दिलं. जेवणं झाल्यावर पुरुष मंडळी खुर्च्या ओढून बसली. चुलतभाऊच म्हणाला, अरे, ती धुळ्याची गोष्ट सांग. मी सांगितली. सिस्टरचा आवाज काढला, स्वतःचा काढला. सगळे हसले. ही विड्यांचं ताट घेऊन आली होती. ती पदर लावून हसली आणि आत गेली. मुलगी हसली नाही. ती पोटावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती.

अक्का कोपऱ्यात तांब्यातल्या पाण्याने हात धूत होती, कोपरापर्यंत. मंडळी पांगल्यावर ती माझ्याजवळ आली. मला वाटलं, आता बोलेल, ओरडेल. तिने फक्त विचारलं, "त्या खोलीचं दार केवढं जाड होतं रे?"

मी म्हणालो, दार म्हणजे काय, साधं प्लायवूडचं, हलकं, नीट लागतही नव्हतं.

"बरं," ती म्हणाली आणि तांब्या घेऊन घरात गेली.

आतलं ओरडणं मला बाहेर ऐकू येत होतं, हे मी इतकी वर्षं सांगत होतो. ते माझ्या गोष्टीतलं पहिलंच वाक्य होतं. बाहेरचं बोलणं आत गेलं असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

त्यानंतर मी बायकोकडे नीट पाहू शकत नव्हतो. रोज ठरवायचो, रोज टाळायचो. तोवर मुलीचे दिवस भरत आले. पहिल्या तपासणीलाच हिने डॉक्टरीणबाईंना सांगितलं होतं, मी आत असणार, मुलीजवळ. मी मनातल्या मनात तयारी केली होती की आता वाद होणार, मला मध्ये पडावं लागणार. डॉक्टरीण म्हणाली, हो, या ना, आम्ही बसू देतो. इतकं सोपं होतं ते. विचारायचं फक्त. मी माझ्या वेळी विचारलंसुद्धा नव्हतं.

त्या दिवशी सकाळी मुलीला आत नेलं. ही तिच्या मागोमाग निघाली, दाराशी वळली आणि मला म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा. आणि गप्प बसा." आवाजात राग नव्हता. नुसतं सांगणं होतं. मी बाकावर बसलो. आतून मुलीचं ओरडणं येत होतं, आणि त्याच्या खाली हिचा हळू, एकसारखा आवाज. श्वास घे. सोड. अक्काकडून शिकली असणार. दुपारपर्यंत नात झाली.

दोन दिवसांनी मुलगी आणि बाळ घरी आले. बाळंतिणीची खोली मागच्या बाजूला केली होती, खिडकी उघडी ठेवून. दुपारी दोघी मायलेकी झोपलेल्या असताना ही स्वयंपाकघरात डिंकाचे लाडू वळत होती. मी दारात जाऊन उभा राहिलो. हातात काही नव्हतं. मी म्हणालो, "धुळ्याला तुला मारायला मी सांगितलं होतं. माझी चूक होती ती. मी माफी मागतो."

तिने लाडू वळणं थांबवलं नाही. म्हणाली, "मला माहीत आहे. मी ऐकलं होतं. कोणी मारलं तिचं तोंडही मला आठवत नाही. तुमचं हसू आठवतं."

ती पुढचा लाडू वळायला लागली आणि म्हणाली, "आणि हे मला एकटीला स्वयंपाकघरात येऊन काय सांगता? गोष्ट चारचौघांत सांगत होतात ना इतकी वर्षं."

तिने मला बस म्हटलं नाही.

बारशाला तीच मंडळी होती. धुळ्याचा चुलतभाऊ, हिच्या माहेरचे, ऑफिसातले दोघे. अक्का पोपटी साडी नेसून पाळण्याशेजारी बसली होती. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या गेल्या. मी अंगणाच्या मधोमध उभा राहिलो आणि म्हणालो, मला एक सांगायचंय. चुलतभाऊ लगेच म्हणाला, धुळ्याची का? आणि दोघं-तिघं आधीच हसायला लागले. मुलगी बाळाला घेऊन आतून दाराशी आली. ही तिच्याजवळ उभी होती. पदर तोंडाशी नव्हता.

मी तोंड उघडलं आणि परत मिटलं. सगळे थांबले, हसणंही थांबलं. नुसता मी उभा, आणि पाळण्याच्या कड्यांची करकर. मग कोपऱ्यातून तो ओळखीचा आवाज आला, हमालांना दिलेला, नळवाल्याला दिलेला.

"घाई नको. श्वास घे. सोड. आता लाव जोर."

कोणीही हसलं नाही. मी मंडळींकडे पाहिलं आणि म्हणालो, "ही गोष्ट मी तुम्हाला नेहमी खोटी सांगितली. ती विनोदाची नाही. ही कळा सोसत होती आणि मी दाराबाहेर बसून तिला मारायला सांगितलं. तिला ते ऐकू गेलं होतं. मी हसलो, तेही ऐकू गेलं होतं. त्यानंतर इतकी वर्षं मी तुम्हा सगळ्यांना तिच्यावर हसायला लावलं." मग मी बायकोकडे तोंड केलं. "मी तुझी माफी मागतो. मारायला सांगितल्याची, आणि हसल्याची."